डोळा घडवणारे जनुक आणि दोष शोधणारी नजर

मानवावर केलेल्या उपकारांची आठवण करून देताना दिव्य कुरआन श्रवण, दृष्टी आणि हृदय या तीन देणग्यांचा उल्लेख वारंवार एकत्र करतो. सूरह अन-नहलमध्ये (१६:७८) हा उल्लेख मातेच्या उदरातून काहीही न जाणता बाहेर आलेल्या अर्भकाच्या संदर्भात येतो आणि त्याचा शेवट कृतज्ञतेच्या अपेक्षेवर होतो. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३६) त्याच तिन्हींचा उल्लेख जाब विचारला जाण्याच्या संदर्भात येतो. यावरून उघड होते की दृष्टी ही देणगी आहे, तशीच ती अमानतही आहे. जे दिले गेले त्याचा हिशेब घेतला जाईल.

इथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याला ही देणगी जन्मतःच मिळाली नाही किंवा अपुरी मिळाली, त्याच्याविषयी काय समजावे? इमामत करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो आणि तो दोन तोंडांनी येतो. एखादा पिता नमाजनंतर मागे थांबतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "मौलाना, आमच्या हातून असा कोणता गुन्हा घडला, की आमच्या लेकराला ही शिक्षा मिळाली?" महाविद्यालयात जीवशास्त्र शिकणारा तरुण वेगळेच विचारतो, "डोळा आणि मेंदू जर जनुकेच घडवतात, तर त्यात अल्लाहचा संबंध कुठे येतो? आणि माणूस जनुकांनीच घडला असेल, तर त्याला जाब कशाचा विचारायचा?"

एक प्रश्न दुःखातून आलेला आहे, दुसरा शंकेतून. तरीही दोहोंच्या मुळाशी एकच सवय दिसते. काही घडले की त्याचा एक धनी शोधायचा आणि सारा भार त्याच्यावर टाकून मोकळे व्हायचे. पहिल्याला अपराधी हवा असतो, दुसऱ्याला यंत्र. डोळ्याच्या जडणघडणीविषयी गेल्या शतकभरात झालेले संशोधन नीट समजून घेतले, तर ही सवय किती उथळ आहे ते कळते. म्हणून आधी त्या संशोधनाकडे वळू.

माशीच्या पंखावर उगवलेला डोळा

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी इवलीशी फळमाशी आपण सर्वांनी पाहिली आहे. १९१५ साली मिल्ड्रेड होग या अमेरिकन संशोधिकेने या माशीच्या एका वेगळ्या वाणाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वाणातील माश्यांचे डोळे फार लहान असत आणि काहींना ते मुळीच नसत. या दोषाशी जोडलेल्या जनुकाला 'आयलेस', म्हणजे 'नेत्रहीन', असे नाव पडले. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे हे नाव वहीत नोंदले गेलेले राहिले. जनुकाचे अंतरंग कोणास ठाऊक नव्हते.

१९९४ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठात वाल्टर गेरिंग (१९३९–२०१४) या विकासजीवशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने त्या जनुकाची रासायनिक अक्षरे वाचून प्रसिद्ध केली. तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघड झाली. उंदरांमध्ये 'स्मॉल आय', म्हणजे 'लहान डोळा', या नावाने ओळखले जाणारे जनुक आणि माणसातील 'पॅक्स-६' हे जनुक माशीच्या त्या 'नेत्रहीन' जनुकाचेच भाईबंद निघाले. माणसात हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. ते जे प्रथिन तयार करते, त्यात ४२२ घटक एका ओळीत गुंफलेले असतात, आणि माणसाच्या व उंदराच्या प्रथिनात त्या ओळीतील एकाही घटकाचा फरक नाही.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, गेरिंग आणि त्यांचे सहकारी गेऑर्ग हाल्डर व पॅट्रिक कॅलार्ट्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माशीच्या अळीत जिथून पुढे पंख, पाय किंवा स्पर्शिका तयार व्हायच्या असतात, त्या पेशींमध्ये त्यांनी हे जनुक जागे केले. त्या अळ्यांतून निघालेल्या माश्यांच्या पंखांवर, पायांवर आणि स्पर्शिकांवर डोळे उगवलेले होते. त्या डोळ्यांत भिंगे होती, रंगद्रव्य होते आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशीही होत्या. मग त्यांनी माशीच्या जनुकाऐवजी उंदराचे जनुक वापरले. याही वेळी डोळे उगवले; मात्र ते उंदराचे नव्हते, ते माशीचेच होते, शेकडो बारीक कप्प्यांचे.

या निकालावर क्षणभर थांबायला हवे. उंदराच्या जनुकात उंदराच्या डोळ्याचा नकाशा साठवलेला असता, तर माशीच्या पंखावर उंदराचा डोळा दिसला असता. तसे झाले नाही. जनुकाने फक्त आज्ञा दिली, "इथे डोळा घडवा." डोळा कसा घडवायचा, हे माशीच्या पेशींनी आपल्या रीतीने पार पाडले. शिवाय ही आज्ञा सगळीकडे आणि सदैव चालत नाही. ती ठरावीक पेशींना, ठरावीक अवस्थेतच समजते. आज्ञा आहे, पण ती ऐकून समजणारी व्यवस्था आधीपासून तयार असेल तरच त्या आज्ञेला अर्थ आहे.

भाषेचा विद्यार्थी म्हणून मला या जनुकांच्या नावांचेही नवल वाटते. जे जनुक डोळा घडवते, त्याचेच नाव 'नेत्रहीन'. कारण ते सुरळीत चालत होते तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. ते बिघडले तेव्हा माणसाने त्याची दखल घेतली आणि बिघाडाचेच नाव त्याला दिले. कृतघ्नतेचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. आपण रोज सकाळी डोळे उघडतो आणि पुढे चालू लागतो. शुक्र करण्याची आठवण होते ती डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे बसल्यावर.

एकाच मातीचे डोळा आणि मेंदू

डोळा चेहऱ्यावर दिसतो, म्हणून तो आपल्याला बाहेरचा अवयव वाटतो. गर्भातील घडण वेगळे सांगते. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात, पुढे ज्याचा मेंदू होणार आहे त्या नळीच्या पुढच्या भागातून दोन्ही बाजूंना एकेक फुगवटा बाहेर येतो. तो वाढत वाढत त्वचेच्या आतल्या बाजूला टेकतो. टेकला की तिथली त्वचा जाड होते, आत वळते आणि तिच्यापासून भिंग तयार होते. तो फुगवटा स्वतः वाटीसारखा आत दबतो आणि त्या वाटीचे अस्तर म्हणजेच दृष्टिपटल. प्रकाश टिपणारे दृष्टिपटल हे अशा रीतीने मेंदूतूनच बाहेर आलेले आहे. मेंदू त्वचेला भेटायला येतो आणि त्या भेटीतून डोळा घडतो.

पॅक्स-६ हे जनुक या सर्व घडामोडींत काम करते आणि त्याच वेळी मेंदूच्या इतर भागांच्या बांधणीतही त्याचा हात असतो. एडिंबरा येथे व्हेरोनिका व्हॅन हायनिंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जनुकाचा माणसातील व उंदरातील अभ्यास दीर्घकाळ केला. त्यातून ज्या गोष्टी समोर आल्या, त्यांपैकी तीन इथे महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट प्रमाणाची. प्रत्येक माणसात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून आलेली व एक पित्याकडून आलेली. एक प्रत निकामी असेल तर 'ॲनिरिडिया' हा विकार होतो. डोळ्यातील बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जवळजवळ नसतो, उजेड सहन होत नाही, नजर अधू राहते, डोळे सतत हलत राहतात आणि पुढे मोतीबिंदू किंवा काचबिंदूही होऊ शकतो. दोन्ही प्रती निकामी असतील तर उंदराच्या पिलात डोळे व नाक घडत नाहीत, मेंदूची बांधणी बिघडते आणि ते जन्मताच दगावते. याउलट, १९९६ साली एडिंबरा येथे उंदरांना या जनुकाच्या जादा प्रती देण्यात आल्या, तेव्हाही डोळे बिघडले. कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही.

दुसरी गोष्ट दूरच्या कळीची. काही रुग्णांत हे जनुक पूर्णपणे शाबूत आढळले, तरीही विकार होताच. शोध घेता कळले की जनुकाला कधी व कुठे जागे व्हायचे हे सांगणारे डीएनएचे तुकडे त्या जनुकापासून बरेच दूर असतात आणि बिघाड तिथे झालेला होता. दिवा ठीक होता, बटण तुटले होते.

तिसरी गोष्ट मेंदूची. ॲनिरिडिया असलेल्या काही व्यक्तींच्या मेंदूत दोन अर्धगोलांना जोडणारा एक लहान पट्टा नसल्याचे किंवा अरुंद असल्याचे तपासणीत दिसले आणि काहींची वास घेण्याची क्षमता कमी असल्याचे आढळले. बिघाड एका अक्षराचा असतो, परिणाम मात्र नजर, गंध आणि मेंदू या तिन्हींवर होऊ शकतो.

लेखणी आणि मुंगी

आता त्या तरुणाचा प्रश्न घेऊ. जनुक डोळा घडवते हे कळल्यावर निर्मात्याची गरज संपते काय?

इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये एका मुंगीचे उदाहरण दिले आहे. मुंगी कागदावरून चालली आहे. लेखणीच्या टोकाने कागद काळा होताना तिला दिसतो आणि तिला वाटते की हे सारे लेखणीच करीत आहे. तिची नजर इतकी आखूड की लेखणी धरणारी बोटे, हात आणि लिहिणारा तिला दिसत नाहीत. मुंगीने लेखणी पाहिली यात तिची चूक नाही. लेखणी खरीच आहे आणि ती खरोखरच कागदावर चालते आहे. चूक आहे ती लेखणीपाशी थांबण्यात.

जनुकाचा शोध म्हणजे लेखणी अधिक जवळून पाहणे होय. ती कशी चालते हे कळल्याने लिहिणारा नाहीसा होत नाही. उलट बाझेलच्या प्रयोगाने हेच दाखवले की लेखणी एकटीने काही लिहीत नाही. उंदराची लेखणी माशीच्या कागदावर माशीचेच अक्षर काढते. गेरिंग यांनी या जनुकाला 'मुख्य नियंत्रक' असे संबोधले होते. पुढील संशोधनात दिसून आले की ते एकटे राज्य करीत नाही, अनेक जनुके परस्परांना जागे करतात, थोपवतात आणि आधार देतात. जो या एका जनुकावर सर्व कर्तृत्व सोपवू पाहतो, त्याला शास्त्रच अडवते.

परंतु आपल्या समाजातही मुंगीची एक बहीण आहे. लेखणीकडे पाहणेच तिला पाप वाटते. अल्लाहने केले, एवढे म्हटले की तिचे समाधान होते आणि कसे केले हा प्रश्न तिला श्रद्धेचा अवमान वाटतो. इब्ने रुश्द यांनी अशा वृत्तीला उत्तर देताना बजावले होते की जो कारणे नाकारतो तो ज्ञानच नाकारतो. कुरआन तर गर्भाच्या एकामागून एक येणाऱ्या अवस्थांकडे (२३:१२-१४) आवर्जून लक्ष वेधतो. ज्याने 'कसे'कडे पाहायला सांगितले, त्याच्यावर श्रद्धा ठेवून 'कसे'कडे पाठ फिरवणे योग्य नव्हे.

आणखी एक घाई आपल्या व्यासपीठांवर दिसते. नवा शोध छापून आला की दुसऱ्या दिवशी घोषणा होते, "हे तर आमच्या ग्रंथात चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले आहे." हेतू चांगला असतो, परंतु पद्धत धोक्याची आहे. शास्त्राचे निष्कर्ष दुरुस्त होत राहतात. 'मुख्य नियंत्रक' या शब्दाचे काय झाले ते आपण आताच पाहिले. ईशग्रंथाची सत्यता अशा बदलत्या निष्कर्षांना बांधली, तर निष्कर्ष हलताच ऐकणाऱ्याचा ईमानही हलेल. गेरिंग यांनी आपल्या प्रयोगांवरून सर्व प्राण्यांच्या डोळ्यांचा उगम एकच असावा असे प्रतिपादन केले आणि काही शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. हा वाद पुराव्यांनी सुटायचा आहे, मिंबरवरून त्याचा निकाल लावता येणार नाही. कुरआनची हाक चिंतनाला आहे, कृतज्ञतेला आहे आणि जबाबदारीला आहे. ती हाक कोणत्याही प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नाही.

करड्या उंटाचा प्रश्न

आता त्या पित्याकडे वळू, कारण त्याचे दुःख अधिक तातडीचे आहे.

आपल्या घरांमध्ये असे मूल जन्मले की काय बोलले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. सुनेने ग्रहणात सुरी हातात धरली असेल. तिच्या माहेरी कोणाला तरी असे असेल. आईबापांच्या हातून काही तरी घडले असेल. बोट फिरत फिरत बहुतेक वेळा मातेवरच येऊन थांबते.

ग्रहणाविषयी आपल्याला वेगळे उत्तर शोधण्याची गरजच नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या दुःखामुळेच सूर्य झाकोळला. स्वतःच्या शोकाच्या त्या घटकेतही प्रेषितांनी (स.) लोकांची समजूत दुरुस्त केली. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत आणि कोणाच्या जन्मामृत्यूसाठी त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्या पुत्रवियोगाशीही ग्रहणाचा संबंध जोडू दिला गेला नाही, त्यांच्या उम्मतीने एका गरोदर सुनेच्या सुरीशी तो जोडावा, हे लाजिरवाणे आहे.

वंशपरंपरेविषयी तर बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक अत्यंत बोलकी हदीस आहे. एक ग्रामीण अरब प्रेषितांकडे (स.) आला. त्याच्या पत्नीला काळ्या वर्णाचे मूल झाले होते आणि त्याच्या बोलण्यात संशय होता. प्रेषितांनी (स.) त्याला रागावले नाही, उपदेशही केला नाही. त्याच्या जगण्यातलाच प्रश्न विचारला. तुझ्याकडे उंट आहेत का? आहेत. रंग कोणता? तांबडा. त्यांच्यात एखादा करडा आहे का? आहे. तो कुठून आला? तो माणूस म्हणाला, कदाचित पूर्वीच्या एखाद्या मुळाने त्याला खेचले असेल. तेव्हा प्रेषितांनी (स.) उत्तर दिले, तसेच तुझ्या या मुलालाही कदाचित एखाद्या मुळाने खेचले असेल.

या हदीसमध्ये जनुकशास्त्र शोधण्याचा माझा हेतू नाही. तिच्यातील नीती पाहावी. एका स्त्रीवर आरोप होऊ घातला होता. प्रेषितांनी (स.) तो आरोप कारणांच्या विचाराने थांबवला. निसर्गात असे घडते, तुझ्या कळपातही घडते, मग आपल्या घरात घडले तर अपराधी का शोधतोस? जिथे कारण समजून घेण्याची तयारी असते, तिथे निंदेला जागा उरत नाही.

आजचे संशोधन त्याच दिशेने बोट दाखवते. ॲनिरिडियाच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात हा विकार पूर्वी कोणालाही नसतो. बदल त्या मुलातच प्रथम आलेला असतो. तो आईच्या वागण्याने येत नाही, बापाच्या पापाने येत नाही, कोणाच्या शापाने येत नाही. आणि एकाचे ओझे दुसऱ्यावर टाकले जाणार नाही, हे तर कुरआनने (६:१६४) निःसंदिग्ध सांगितले आहे. मग पित्याच्या गुन्ह्याची शिक्षा अर्भकाला मिळाली, असे म्हणणारा नेमक्या कोणत्या धर्माची भाषा बोलतो?

तकदीर म्हणजे हात झटकणे नव्हे

यावर कोणी म्हणेल, "ठीक आहे, कोणाचा दोष नाही, तकदीरच तशी होती." हे म्हणणे खरे आहे, परंतु ते कोणत्या सुरात म्हटले जाते यावर सारे अवलंबून आहे.

'तकदीर' आणि 'कद्र' या शब्दांच्या मुळाशी प्रमाणाचा, मोजून देण्याचा अर्थ आहे. अल्लाहने प्रत्येक वस्तू प्रमाणासह निर्माण केली, हा आशय कुरआनमध्ये (२५:२, ५४:४९) आला आहे. जनुकाची एक प्रत कमी पडली तरी डोळा बिघडतो आणि जादा झाल्या तरी बिघडतो, हे वाचताना मला या शब्दाची आठवण झाली. ती आयत जनुकांविषयी आहे, असा दावा मी करणार नाही. इतकेच म्हणेन की तकदीर हा शब्द आपण सोडून देण्यासाठी वापरतो आणि त्याच्या मुळात मात्र मोजमाप आहे. जिथे मोजमाप आहे तिथे अभ्यास शक्य आहे आणि जिथे अभ्यास शक्य आहे तिथे उपायाचा प्रयत्न करणे आपल्यावर येते. प्रेषितांनी (स.) उपचार घ्यायला सांगितले आहे, उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, असेही शिकवले आहे.

उंट बांधणे इथे काय आहे? नवजात बालकाच्या बाहुलीत पांढरेपणा दिसला, डोळे सतत हलताना दिसले किंवा ते उजेडाला डोळे घट्ट मिटून घेऊ लागले, तर तावीज शोधत दिवस घालवू नयेत, नेत्रतज्ज्ञाकडे जावे. ॲनिरिडिया असेल आणि कुटुंबात तो पूर्वी कोणाला नसेल, तर मुलाच्या मूत्रपिंडांविषयीही डॉक्टरांना अवश्य विचारावे. कारण काही मुलांत या जनुकाशेजारचे दुसरे एक जनुकही गळालेले असते आणि त्यांना लहानपणी मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. वेळीच लक्ष ठेवले तर तो लवकर ओळखता येतो.

विवाहाविषयीही स्पष्ट बोलायला हवे. ॲनिरिडियासाठी एकच बिघडलेली प्रत पुरते. त्यामुळे अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते आणि जवळच्या नात्यातील विवाहाशी त्याचा संबंध नाही. परंतु ज्या विकारांसाठी दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, त्यांची शक्यता जवळच्या नात्यात विवाह केल्यास वाढते. शरीयतने चुलत-मावस नात्यातील विवाह वैध ठेवला आहे, अनिवार्य केलेला नाही. ज्या कुटुंबात असा विकार दिसून आला आहे, त्यांनी संबंध जुळवण्यापूर्वी जनुकीय समुपदेशन घेणे हा तकदीरवरील अविश्वास ठरत नाही. तसेच सोयरीक ठरवताना माहीत असलेली गोष्ट दडवणे हा धोका आहे आणि त्या गोष्टीचा डांगोरा पिटून एखाद्या मुलीचे आयुष्य अडवून धरणे हा जुलूम आहे. ईमानदार माणसाची वाट या दोहोंमधून जाते.

बसर आणि बसीरत

उरला प्रश्न जबाबदारीचा. जनुकांनी घडवलेल्या मेंदूला जाब कसा विचारायचा?

याचे उत्तर पाहण्याच्या क्रियेतच दडलेले आहे. डोळा तयार झाला म्हणजे माणूस पाहू लागतो असे नाही. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की जन्मानंतरच्या काही आठवड्यांत एक डोळा बंद ठेवला, तर पुढे तो उघडल्यावरही मेंदू त्याची दखल घेत नाही. डोळा निरोगी असतो, मेंदूला त्याची ओळख नसते. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात जन्मापासून मोतीबिंदूसारख्या कारणांनी न पाहू शकलेल्या मुलांवर उपचार झाले. वयाची आठ वर्षे ओलांडलेल्या मुलांनाही शस्त्रक्रियेनंतर उपयुक्त दृष्टी येऊ शकली. मात्र हाताने ओळखलेली वस्तू नुसती पाहून त्यांना लगेच ओळखता येईना. ते त्यांना नंतर सरावाने साधू लागले. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर'मध्ये हेच मांडले होते की प्रकाश डोळ्यात शिरतो, परंतु वस्तू ओळखण्यासाठी तुलना, स्मरण आणि निर्णय यांची गरज असते.

म्हणजे जनुक डोळ्याला आकार देते, अनुभव मेंदूला पाहायला शिकवतो, आणि काय पाहायचे, कशाकडे दुर्लक्ष करायचे, पाहिल्यावर काय करायचे, हे माणूस ठरवतो. कुरआनने (१७:३६) जाब विचारताना श्रवण आणि दृष्टीसोबत हृदयाचाही उल्लेख केला, तो मला इथे समजतो. डोळा कोणता मिळाला याचा जाब नाही. मिळालेल्या डोळ्याने काय केले याचा आहे. अल्लाह कोणावरही त्याच्या आवाक्याबाहेरचा भार टाकत नाही (२:२८६), म्हणून ज्याला कमी मिळाले त्याचा हिशेबही त्या मानानेच होईल. ज्याला पूर्ण मिळाले त्याने घाबरावे.

आपल्या परंपरेत बाह्य दृष्टीला 'बसर' म्हणतात आणि अंतर्दृष्टीला 'बसीरत'. कुरआनने (२२:४६) खरे आंधळेपण हृदयाचे सांगितले आहे. आपली भाषा मात्र उलट वागते. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं' असे आपण सहज बोलून जातो. गैरकारभार झाला तर आंधळा कारभार, अविचाराने विश्वास ठेवला तर आंधळा विश्वास. पाहू शकणाऱ्यांनी केलेल्या चुकांना आपण न पाहू शकणाऱ्यांचे नाव देतो आणि ते मूल शेजारी बसून ऐकत असते.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. त्यांच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाले, त्याबद्दल सूरह अबसच्या (८०:१-१०) आयती अवतरल्या. एका दृष्टिहीन माणसाच्या प्रश्नाला उत्तर मिळणे हे समाजातील बड्या लोकांना राजी करण्याहून महत्त्वाचे आहे, हा धडा कयामतपर्यंत तिलावत केला जाईल अशा शब्दांत दिला गेला. पुढे प्रेषितांनी (स.) मदीनेबाहेर जाताना अनेकदा त्यांना शहराचा कारभार सोपवला. आणि रमजानमध्ये रोजा सुरू होण्याची वेळ त्यांच्याच अजानने ठरत असे. हजरत बिलाल (रजि.) यांची अजान रात्र असतानाच होई, लोकांनी खाणेपिणे थांबवायचे ते इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्या अजानवर. पहाट झाल्याचे लोक त्यांना सांगत आणि मग ते अजान देत.

या व्यवस्थेचा विचार करावा. पहाट ज्याला दिसत नाही, त्याच्या तोंडून सारे शहर पहाट झाल्याचे ऐकते. डोळे इतरांचे होते, आवाज त्यांचा होता आणि रोजा सर्वांचा होता. कोणीही त्यांच्या न दिसण्याचा दोषी शोधत बसले नाही. त्यांच्यात जे होते ते कामी लावले आणि जे नव्हते ते भोवतीच्यांनी पुरवले.

आपल्या मोहल्ल्यातील अशा मुलासाठी भोवतीचे म्हणजे आपणच. त्याला शाळेत घालणे, ब्रेल लिपीतील कुरआन मिळवून देणे, मशिदीच्या पायऱ्यांना कठडा बसवणे, उन्हात चालताना त्याला सावलीची बाजू देणे आणि त्याच्या आईला पुन्हा कोणी तो प्रश्न विचारणार नाही याची काळजी घेणे, ही कामे कोणत्याही जनुकाने आपल्यावर लादलेली नाहीत. म्हणूनच त्यांचा जाब आपल्याला विचारला जाईल.

अल्लाह आपल्याला बसरसोबत बसीरतही देवो, आपली नजर दोष शोधण्याऐवजी गरज ओळखण्याकडे वळवो, आणि ज्या मातापित्यांच्या पदरी ही परीक्षा आली आहे त्यांना सब्र, सोबत आणि उत्तम मोबदला देवो. आमीन.